रविवारचे जेवण आणि वाढणारे हात

इंग्लंडात स्थायिक झालेल्या आपल्या बेने इस्राएल कुटुंबांत एक रीत आता चांगलीच रुळली आहे. रविवारी दुपारी मुले येतात, आईवडिलांना मोटारीत बसवतात आणि एखाद्या चेन हॉटेलात जेवायला घेऊन जातात. ही हॉटेले गावोगाव एकाच नमुन्याची. तशाच खुर्च्या, तेच मेनूकार्ड. नातवंडांना ते पसंत पडते, कारण काय मिळणार हे आधीच ठाऊक असते. शनिवारी हे जमणारे नाही. शब्बाथ पाळणाऱ्याने मोटार हाकायची नाही की पैशाला हात लावायचा नाही. म्हणून सर्व कुटुंबाने एका टेबलाशी बसून बाहेर जेवण्याचा दिवस म्हणजे रविवार. आम्हाला ही रीत आवडते, हे आधीच सांगून टाकतो. परंतु तिच्यासंबंधी एक प्रश्न आपल्यात फारसा विचारला जात नाही. तो आज वाचकांपुढे मांडावा असे आम्ही योजले आहे.

ह्या जेवणावरून आपल्या घरांत जे वाद होतात ते सारे ताटाबद्दल असतात, आणि ते अगदीच गैर नाहीत. इंग्रजांचे रविवारचे खास जेवण म्हणजे भाजलेले बीफ, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही आणि यॉर्कशायर पुडिंग. नाव पुडिंग असले तरी ते गोड नसते. मैदा, अंडी आणि दूध कालवून ते मिश्रण तापलेल्या चरबीत घालून भट्टीत फुलवतात. म्हणजे मांस कोशेर नाही ही एक अडचण, आणि दूध व मांस एकाच ताटात ही दुसरी. आपल्या आयाबायांनी कोकणात हा पेच केव्हाच सोडवला होता. मटणाच्या रश्शाला त्या दह्यादुधाऐवजी नारळाचे दूध घालीत. डेव्हिड रहाबींनी आपल्या बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली आणि त्यांनी बिनखवल्यांची मासळी बाजूला काढली, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आज त्याच घराण्यांतली माणसे हॉटेलात बसतात तेव्हा कोणी खवल्यांचा मासा मागवतो, कोणी नुसती भाजी, कोणी फक्त चहा, आणि कोणी सरळ बीफ. ज्याने त्याने आपली रेघ ओढावी आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये. ह्या वादाबद्दल आमचे म्हणणे इतकेच.

आता दुसरा प्रश्न. आपण ताट न्याहाळतो, पण ते आणणाऱ्या हाताकडे आपले लक्ष जाते काय? सकाळच्या न्याहारीपासून उभी असलेली बाई आपल्यापुढे ग्रेव्हीचे भांडे ठेवते. रविवारी तिचीही मुले घरी असतात. आत किचनमध्ये कोणी तरी आपल्या खरकट्या बशा धूत असतो. त्याचा चेहरा तर आपल्याला दिसतही नाही. बऱ्याचदा ही माणसे आपल्यासारखीच दूरच्या देशांतून आलेली असतात. आपण आपल्या विश्रांतीसाठी आलो आहोत आणि ती विश्रांती त्यांच्या श्रमावर उभी आहे. तेव्हा आपण त्यांचे काय देणे लागतो?

दहा आज्ञांतील शब्बाथची आज्ञा आपण सर्वांनी पाठ केली आहे. तिच्यात केवळ घरधन्याला विश्रांती सांगितलेली नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आत राहणारा परका, ह्या सर्वांची नावे तिच्यात घेतलेली आहेत. अनुवादात ती आज्ञा पुन्हा येते तेव्हा कारणही दिलेले आहे: तुम्ही स्वतः मिसर देशात दास होता हे विसरू नका. आपल्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. घाणा थांबला म्हणजे घाण्याचा बैलही थांबला. बैल काही यहुदी नव्हता. तरी त्याला विश्रांती मिळाली, कारण मालकाला ती आज्ञा होती.

ह्यावर कोणी म्हणेल, रविवार हा आपला शब्बाथ नव्हे आणि ती वेटरही यहुदी नाही. खरे आहे. पण ज्या तत्त्वात बैलाला जागा आहे, त्यात ह्या माणसांना जागा नाही असे कोण म्हणेल? दुसरा म्हणेल, त्यांना पगार मिळतो. तोही मुद्दा खरा. आपण जायचे बंद केले तर त्यांचे हाल अधिक होतील. तिसरा म्हणेल, मग घरीच जेवावे. ह्याला आमचे उत्तर असे की घरी जेवलो तेव्हा तरी सर्वांना विश्रांती कोठे होती? मुंबईत रविवारी पुरुषमंडळी वर्तमानपत्र वाचीत आणि आई सकाळपासून नारळ खवीत बसे. तिचे श्रम आपल्याला दिसत नसत, एवढेच. आज तिला हॉटेलात आयते ताट मिळते, ह्याचा आम्हाला आनंदच आहे.

ह्या देशात सामान्य माणसाला स्वच्छ आणि परवडेल असे बाहेरचे जेवण देण्यात यहुदी कुटुंबांचा मोठा वाटा आहे. सॅल्मन आणि ग्लुकस्टाइन घराण्यांच्या जे. लायन्स कंपनीने १८९४ साली पिकॅडिलीत पहिले चहागृह उघडले, आणि १९०९ पासून लंडनमध्ये तिची प्रचंड ‘कॉर्नर हाउसेस’ सुरू झाली. ती १९७७ पर्यंत चालली. कारकून आणि दुकानांतल्या मुलीही तेथे मानाने बसून जेवत. म्हणून हॉटेलात जेवणे हा ऐषाराम आहे आणि तो सोडावा, असे आम्ही म्हणत नाही.

कायद्याने ह्या कामगारांना काय दिले आहे तेही पाहू. १९९४ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील मोठ्या दुकानांना रविवारी सहा तास उघडण्याची मुभा मिळाली. दुकानातल्या नोकराला मात्र रविवारचे काम लेखी नोटीस देऊन नाकारता येते. जेवण वाढणाऱ्याला हा हक्क नाही. उपाहारगृहाचे काम त्या व्याख्येत बसत नाही. आठवड्यातून एक दिवस, किंवा पंधरवड्यातून दोन दिवस, विश्रांतीचा नियम १९९८ पासून आहे, पण तो वार कोणता हे बहुधा मालकच ठरवतो. आणखी एक सुधारणा अलीकडची आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून टिप आणि सर्व्हिस चार्ज ह्यांतून मालकाला स्वतःसाठी काही कापून घेता येत नाही. ती सर्व रक्कम कामगारांत वाटावी लागते.

कायदा संपतो तेथे आपले कर्तव्य सुरू होते, आणि ते काही अवघड नाही. बुफे असेल तर खाववेल तेवढेच घ्यावे. पैसे भरले म्हणून ताट भरून घेणे आणि अर्धे टाकणे हे आपल्या धर्माला मान्य नाही. वाढणाऱ्याला चुटकी वाजवून बोलावू नये. ‘कृपा करून’ आणि ‘आभारी आहोत’ हे शब्द नातवंडांसमक्ष उच्चारावेत. त्यांची आवराआवरीची वेळ झाली की गप्पा पुढे घरी न्याव्यात. मजुराची मजुरी सकाळपर्यंत अडवून ठेवू नये असे तोरा सांगते; तेव्हा बिलावर सर्व्हिस चार्ज नसेल तर टिप उठण्यापूर्वीच द्यावी, आणि ती देताना हात आखडू नये. मुलांनी बिल भरले असेल तर आजोबांनी टिप द्यावी. आजोबांच्या खिशाला ती झेपण्यासारखी असते.

आणि एक गोष्ट घरची. हॉटेलातल्या वेटरचे आभार मानणारे आपण सोमवारी सुनेने चहा आणून दिला तर मान तरी वर करतो काय? बाहेर शिकलेली रीत घरी वापरली, तर ह्या रविवारच्या जेवणाचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले असे आम्ही समजू. वाचकांनी ह्यावर आपापल्या घरी अवश्य चर्चा करावी. शालोम.