अठरा वर्षे पुरी झाल्यावर

आईबापांवाचून वाढलेल्या मुलास अन्न, वस्त्र व शाळा मिळाली, आणि तो वयात आला, म्हणजे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपले काय? हा प्रश्न आपल्या मंडळ्यांत फारसा कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर आपणांस ठाऊक आहे असे प्रत्येकास वाटते. आम्हांसही तसेच वाटत असे.

काही वर्षांपूर्वी बालगृहातून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण आमच्या दारी आला. तालुक्याच्या गावी त्यास गॅरेजात काम मिळत होते, परंतु खोली देणारा घरमालक म्हणे, "तुझ्या ओळखीचा कोणी भला गृहस्थ जामीन म्हणून सही करील, तर खोली देतो." आम्ही त्या मुलास जेवू घातले, एस.टी.चे भाडे दिले, त्याच्यासाठी प्रार्थना केली. पण सही मात्र दिली नाही. उद्या भाडे थकले तर ते कोण भरणार, ही भीती आमच्या मनात होती. तो निमूटपणे उठून गेला. पुढे कित्येक रात्री त्याने एस.टी. स्टँडावर काढल्या, असे आमच्या कानी आले. तेव्हा दिलेल्या भाकरीने आमचे समाधान होईना. न दिलेली सही मनास टोचू लागली.

सरकारने अशा तरुणांचा विचार केलेला नाही असे नाही. 2015 च्या बालन्याय अधिनियमाप्रमाणे 18 वर्षे पुरी करून संस्थेतून निघणाऱ्यास आर्थिक साह्य देता येते. 2016 च्या आदर्श नियमांप्रमाणे ही देखभाल 21 वर्षांपर्यंत, व विशेष प्रसंगी 23 वर्षांपर्यंत चालविता येते. सहा ते आठ जणांनी तात्पुरते एकत्र राहावे, धंदा शिकताना विद्यावेतन मिळावे, एखाद्या सल्लागाराने त्यांची नियमित विचारपूस करावी, अशा सोयी त्या नियमांत सांगितल्या आहेत. मिशन वात्सल्य योजनेत दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. आणि महाराष्ट्र सरकारने 2018 साली अनाथांसाठी शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत एक टक्का जागा राखून ठेवल्या. तेव्हा ज्या उपदेशक बंधूस असा तरुण ठाऊक असेल, त्याने त्यास जिल्हा बाल संरक्षण कक्षात स्वतः बरोबर घेऊन जावे.

परंतु कायद्याने रक्कम मिळते. आपले माणूस मिळत नाही. आपला मुलगा पुण्यास नोकरीस निघाला म्हणजे काय होते, ते पाहा. चुलत्याची चिठ्ठी बरोबर असते. गावचा कोणी आधी तेथे असतो, तो चार दिवस आपल्या खोलीत जागा देतो. पगार लांबला तर बाप पैसे पाठवितो. आजारी पडला तर तो घरी येतो, आणि आई दार उघडते. अशा मुलास आपण 'स्वतःच्या पायांवर उभा राहिला' असे म्हणतो. पण त्याच्या पाठीशी किती हात होते हे विसरतो. ज्याच्या पाठीशी एकही हात नाही, त्यास पत्ता नाही म्हणून कागदपत्रे मिळण्यास अडचण, कागदपत्रे नाहीत म्हणून चांगले काम नाही, काम नाही म्हणून खोली नाही. ह्या फेऱ्यातून केवळ हिंमतीच्या बळावर बाहेर पडणे किती कठीण!

कोणी म्हणेल, "असे साह्य करीत राहिल्यास तरुण आळशी होईल. पौल प्रेषिताने थेस्सलनीकाच्या मंडळीस काय लिहिले?" बंधूंनो, प्रेषिताचा तो शब्द काम करण्याची इच्छाच नसलेल्यांविषयी आहे. ज्यास काम करावयाचे आहे, पण कामाहून परत येऊन पाठ टेकण्यास जागा नाही, त्याच्यावर तो शब्द फेकणे हा अन्याय होय.

तथापि त्या आक्षेपात एक सत्य आहे, ते आम्ही नाकारीत नाही. ज्या दयेने मनुष्य सदा हात पसरणारा राहतो, ती दया अपुरी आहे. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ मुली केडगावी आणिल्या, तेव्हा त्यांना केवळ जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना, अशी कामे त्यांच्या हाती दिली. बाईंनी केलेले पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर मुक्तीतील स्त्रियांच्याच हातांनी छापले गेले. हाताला काम आणि डोक्यावर छप्पर, ही दोन्ही एकत्र असली म्हणजेच मनुष्य उभा राहतो. म्हणून आपण तरुणास खोली दिली तर थोडे का होईना, भाडे घ्यावे. त्याचे बँकेचे पुस्तक त्याच्याच हाती असावे. त्याच्या पगाराचा हिशेब आपण विचारू नये. त्याने चूक केली तर ती त्याची असावी, आणि यश मिळविले तर तेही त्याचेच असावे.

मग तो पडला तर? येथेच आमची खरी परीक्षा आहे. उधळ्या पुत्राच्या बापाने मुलास जाऊ दिले, आणि वाटेकडे डोळेही लाविले. ह्या दोहोंपैकी एकच गोष्ट केली तर बापपण अर्धे राहते. जो दार लावून घेतो तो मुलास टाकतो. जो दारच उघडीत नाही तो त्यास कोंडतो. स्वावलंबन म्हणजे एकटेपणा नव्हे. परत येण्यास एक घर आहे हे ज्यास ठाऊक आहे, तोच निर्भयपणे दूर जातो.

आपल्या खेड्यांतील मंडळ्या गरीब आहेत हे आम्ही जाणतो. परंतु पत्र येण्यास एक पत्ता, नाताळास जेवणाचे एक ताट, एखाद्या सुताराजवळ किंवा गवंड्याजवळ शिकण्याची सोय, आणि गरज पडेल तेथे एक सही, इतके देण्यास श्रीमंती लागत नाही. अशी सही पाळकाने एकट्याने न करिता मंडळीच्या पंचांनी मिळून जबाबदारी घ्यावी, म्हणजे भाडे थकलेच तर ओझे वाटून घेता येईल.

तो तरुण पुन्हा आमच्या दारी आला नाही. दुसरा कोणी येईल. त्या दिवशी आमचा हात लेखणीकडे जावो, एवढेच आम्ही देवाजवळ मागतो.