रडणं कोणाच्या हातात?

शाळा-कॉलेजात एकांकिका बसायला लागली की पहिल्या दोन-चार तालमींतच मुलांना सांगितलं जातं, ‘मनातून येऊ दे.’ संहिता कालच हातात पडलेली असते, पाठांतर झालेलं नसतं, समोरच्या पात्राशी नजरही नीट भिडलेली नसते, आणि मुलाकडे दुःख मागितलं जातं. तंत्र म्हणून ही मागणी चुकीची आहेच, पण तिच्यामागचा विचार मला जास्त खटकतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात कर्म आणि फळ यांच्यामध्ये जी रेघ आखली आहे, ती तालमीच्या खोलीइतकी स्पष्ट क्वचितच कुठे दिसते. दार उघडणं, थांबणं, दुसऱ्याचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणं, मग एक पाऊल मागे सरणं, एवढं नटाच्या हातात असतं. डोळ्यांत पाणी येणं हे फळ. फळाचा हुकूम सोडला की मुलगा ते कुठून तरी आणतो: आवाज कापरा करतो, तोंड ओंजळीत लपवतो, गेल्या वर्षी बक्षीस मिळवणाऱ्या मुलीची नक्कल करतो. आपण त्याला अभिनय शिकवतो असं समजतो आणि प्रत्यक्षात लबाडी शिकवतो.

यावर भरतमुनींचा दाखला देता येईल. नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. अश्रू, स्वेद, रोमांच त्यांतलेच. ते वरवर आणता येत नाहीत, असं भरतही मानतात. मग मनातून येऊ द्या असं म्हणणाऱ्याचं काय चुकलं? उत्तर नाट्यशास्त्राच्याच सातव्या अध्यायात आहे. सत्त्व मनातून उपजतं, पण मन समाहित झालं की, असं भरत सांगतात. त्यांची नटाकडे मागणी आहे ती एकाग्रतेची. अश्रू तिच्या मागून येतात. स्तानिस्लाव्हस्कींचा प्रवासही याच दिशेनं झाला. आधी भावनांच्या आठवणींवर भर देणारा हा रशियन दिग्दर्शक 1938 मध्ये वारला, तोवर साध्या शारीरिक कृतींकडे वळला होता.

विदर्भात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांची ‘होळी’ ही एकांकिका घ्या. केतन मेहतांनी 1984 मध्ये तिच्यावर चित्रपट केला. कॉलेजच्या वसतिगृहातली मुलं आपल्यातल्याच एकाचा इतका छळ करतात की तो जीव देतो. अशा एकांकिकेच्या पहिल्या आठवड्यात दिग्दर्शकानं ‘त्याचा राग येऊ दे’ म्हटलं, तर मुलं राग आणणार कुठून? जवळ असेल तिथून. वर्गातली जुनी अढी, जातीचा आकस, एखाद्याच्या बोलण्याची किंवा कपड्यांची टवाळी, सगळं छळणाऱ्या मुलांच्या वर्तुळात उतरतं आणि मध्ये उभा असलेला मुलगा खराखुरा घेरला जातो. ही हिंसाच आहे; नाटकाच्या नावाखाली झाली म्हणून तिचा दोष कमी होत नाही. त्याऐवजी फक्त कृती द्याव्यात: पहिलं पाऊल कोण टाकतं, कोण दुसरीकडे बघतं, कोण इतर हसल्यावर उशिरा हसतं. मग मुलांनाच दिसू लागतं की जमावातल्या प्रत्येकाच्या मनात द्वेष असावाच लागतो असं नाही, शेजारचा पुढे सरकला म्हणून आपण सरकतो. पाप कोणाच्या माथी, हा प्रश्न त्यांना स्वतःच्या पायांतून पडतो. प्रवचनानं हे साधलं नसतं.

आत काही नसताना बाहेर दाखवणं हाच मिथ्याचार नाही का, असा गीतेच्याच तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन कोणी प्रतिवाद करील. मात्र खोटेपणाला फसणारा माणूस लागतो. नाट्यशास्त्राचा जुना भाष्यकार शंकुक याचं मत आपल्याला त्याच ग्रंथावरच्या अभिनवगुप्ताच्या टीकेतून कळतं; तो चित्रातल्या घोड्याचा दाखला देतो. चित्र पाहून आपण घोडा म्हणतो, पण त्याला वैरण घालायला धावत नाही. ते ज्ञान खरं नाही, खोटं नाही, संशयही नाही. खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजासारख्या गावात मात्र या भेदाची परीक्षा होते. प्रेक्षक नटाला जन्मापासून ओळखतात. दारुड्याची भूमिका केलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच नावानं हाक बसू शकते. म्हणून भूमिका अंगावरून उतरवायची वाट दिग्दर्शकानं आधीच शिकवलेली बरी, आणि कृतीतून उभी केलेली भूमिका तितकी सहज खाली ठेवता येते. स्वतःची जखम उकरून उभी केलेली ठेवता येत नाही.

तरीही एखादी मुलगी पहिल्याच वाचनाला खरोखर रडते. संवाद तिच्या घरातल्याच कशाला तरी लागलेला असतो. तो तिचा दोष नाही आणि ते तिचं यशही नाही. चारचौघांत तिचं कौतुक करू नये. कौतुक झालं की उद्या तेच अश्रू पुन्हा आणण्याची जबाबदारी तिच्यावर पडते. पाणी द्यावं, तिची वाक्यं तेवढ्यापुरती दुसऱ्याला वाचायला द्यावीत, आणि ही भूमिका करायची की नाही हे दुसऱ्या दिवशी तिला एकटीला विचारावं.