आकड्याचे प्रामाण्य

पिंपळे गुरवमध्ये कामावर निघण्याआधी कितीतरी घरांत बोट टोचले जाते, थेंब पट्टीला लागतो आणि काही सेकंदांत ग्लुकोमीटरवर आकडा उमटतो. त्यावर इन्सुलिनची मात्रा ठरते. तो आकडा म्हणजे साखर प्रत्यक्षच दिसली, असे आपण धरून चालतो. माझ्या मते ते अनुमान आहे, आणि न्याय या तर्कदर्शनाने अनुमानाला घातलेले नियम त्यालाही लागू आहेत. यंत्र मोजते ती वीज. पट्टीवरचे ग्लुकोज ऑक्सिडेजसारखे विकर ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन काढून घेते, मध्यस्थ रसायन ते इलेक्ट्रोडपर्यंत पोचवते, आणि ठरावीक विद्युतदाबाखाली वाहणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावरून साखरेचा अंदाज बांधला जातो. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये विकर आणि इलेक्ट्रोड यांची जोडी सुचवली, ती इथवर आली. आता नैयायिकांचे नेहमीचे उदाहरण घ्या: अग्नी आहे म्हणून धूर असेलच असे नाही, सरपण ओले हवे. अशा आडून काम करणाऱ्या अटीला ते उपाधी म्हणतात. प्रवाहालाही उपाधी आहेत. रक्तात तांबड्या पेशी कमी असल्या की आकडा चढा येऊ शकतो. आंबा चिरून हात न धुता बोट टोचले, तर आंब्याची साखरही मोजली जाते.

डोळाही एक यंत्रच, मग प्रत्यक्ष उरते कुठे, असे कोणी विचारील. पण धुके पडले तर धुकेही दिसते. आंब्याने फुगलेला आकडा मात्र खऱ्याइतकाच ठळक उमटतो. निर्दोष मीटरलाही, आयएसओच्या २०१३ च्या मानकानुसार, दर डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम आणि त्यापुढे १५ टक्क्यांपर्यंत फरकाची मुभा आहे. म्हणजे २०० च्या जागी १७० किंवा २३० चालते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. मीटर प्रयोगशाळेत ताडून पाहू म्हटले, तर तिथल्या चाचणीतही बहुधा विकरच असते. एका अनुमानाला दुसऱ्याचा टेकू, त्याला तिसऱ्याचा, हे थांबणार कुठे? मीमांसा दर्शनाचे मीमांसक म्हणतील, बाध, म्हणजे खोडून काढणारे ज्ञान, येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण. मला इथे न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन पटतात. न्यायभाष्याच्या आरंभीच ते प्रामाण्याची कसोटी कृतीच्या यशात ठेवतात. आकडा ६० आला, साखर खाल्ली, पंधरा मिनिटांत थरथर थांबली, की साखळी तिथे टेकते. आणि आकडा ११० असूनही घाम, थरथर सुरूच असेल, तर हात धुऊन पुन्हा टोचायचे आणि त्रास राहिला तर डॉक्टरांना विचारायचे. ‘आई, मीटर बरोबर दाखवतंय, तुला उगाच वाटतंय’ असे म्हणणारा मुलगा एकही उपाधी न तपासता आईच्या अनुभवाला भ्रम ठरवत असतो.