पाळणे

गळ्यात तुळशीची माळ घातलेल्या माणसाने परसात कोंबड्या, बदके, शेळ्या पाळाव्यात की नाही? हा प्रश्न शोधायला ग्रंथ उघडावा लागत नाही. तो दिंडीत निघतो, कीर्तन सुटल्यावर देवळाच्या पायरीवर निघतो. त्याची दोन उत्तरेही ठरलेली असतात. एक जण म्हणतो, ‘माळ घातली ना? मग खुराडे मोडून टाक.’ दुसरा म्हणतो, ‘मी खात नाही ना? मग पाळायला काय हरकत?’ दोन्ही उत्तरे देणाऱ्याच्या सोयीची आहेत. माउली, ती दोन्ही जरा तपासून पाहू.

आधी पहिले उत्तर. परसात शेळी कोण बांधतो? ज्याला शेत नाही किंवा असून पिकत नाही, तो. शेळीला गरिबाची गाय म्हणतात ते उगाच नाही. ती बांधावरचा पाला खाते, पाच महिन्यांत विते, आणि उस्मानाबादी जातीची असेल तर पुष्कळदा जुळी करडे देते. घरात दुखणे आले, लेकराची फी भरायची झाली, तर एक करडू विकून वेळ निभावते. कोंबडीचेही तसेच. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. त्या पैशांत घरातल्या बाईचे मीठ-मिरची भागते, आणि तो पैसा तिला कोणापुढे हात पसरून मागावा लागत नाही. अशा बाईला, दहा एकर बागायत असलेल्या माणसाने ‘हे सोड’ म्हणणे सोपे आहे. सोडल्यावर ती काय खाईल, याचे उत्तर मात्र त्याने द्यायला हवे.

शिवाय, दूध पिणाऱ्याने फार ताठ मानेने बोलू नये. म्हैस व्याली आणि पारडी झाली तर घरात आनंद होतो. टोणगा झाला तर? त्याच्या वाट्याला सडातले किती दूध येते आणि तो किती दिवस जगतो, हे गोठेवाल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जुन्नर तालुक्यात आळे येथे, माउलींनी ज्याच्या मुखातून वेद बोलवले त्या रेड्याची समाधी आहे. तिथे आपण डोके टेकवतो. घरी आल्यावर दाव्याला बांधलेल्या उपाशी टोणग्याकडे पाहावत नाही म्हणून नजर वळवतो. म्हणजे हा प्रश्न एकट्या कोंबडीवालीचा नाही. दुधा-तुपाने पवित्र झालेल्या स्वयंपाकघराचाही आहे.

आता दुसरे उत्तर. ‘मी खात नाही, मग झाले.’ खरेच झाले का? कोंबडीच्या अंड्यातून एकवीस दिवसांनी पिल्लू बाहेर येते, बदकाच्या अंड्यातून अठ्ठावीस दिवसांनी. निसर्ग त्यात मादी जितक्या घालतो, साधारण तितकेच नर घालतो. नर अंडे देत नाही. दहा कोंबड्यांत एक कोंबडा पुरतो. चार झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात. मग वरचे तीन कुठे जातात? आठवडी बाजारात. शेळीची पाट घरी राहते, बोकड दलालाच्या हाती जातो. दलाल त्याला कशासाठी नेतो, हे विकणाऱ्याला माहीत असते. अंड्यापुरती बदके ठेवायची आणि नर ठेवायचाच नाही, असाही एक मार्ग काही जण काढतात. नराशिवाय घातलेल्या अंड्यात जीव धरत नाही, हे खरे आहे. पण त्या माद्या जिथून विकत आणल्या, तिथे त्यांच्या भावांचे काय झाले, हा प्रश्न तिथेच शिल्लक राहतो. माळ आपल्या तोंडावर पहारा ठेवते. पण पाय बांधून कोंबडा विकणारा हातही त्याच देहाचा आहे.

मग करावे काय? इथे आपली मराठी भाषाच वाट दाखवते. आपण म्हणतो, एकादशी पाळली. नेम पाळला. दिलेला शब्द पाळला. आणि म्हणतो, शेळी पाळली, कोंबडी पाळली. क्रियापद एकच. ज्या धातूने व्रत चालते, त्याच धातूने जनावर जगते. वर्षातल्या चोवीस एकादश्यांपैकी दहा केल्या आणि चौदा सोडल्या, तर आपण एकादशी पाळली असे म्हणत नाही. मग जनावराला आठवण झाली तेव्हा पाणी दाखवले, तर ते पाळले कसे म्हणावे? व्रताला जसा खंड चालत नाही, तसा पालनालाही चालत नाही. आणि व्रताला जसे उद्यापन असते, तसा पालनालाही शेवट असतो. तोही पाळणाऱ्यानेच निभवायचा असतो.

नामदेवरायांनी भाकर पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली. नाथांनी रामेश्वराला निघालेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी घातली. या कथा आपल्याला तोंडपाठ आहेत. पण ते कुत्रे आणि ते गाढव वाटेत भेटलेले जीव होते. आपण दाव्याला बांधलेला जीव वाटेत भेटलेला नाही. त्याची वाट आपण बंद केलेली आहे. मोकळे जनावर ओढ्यावर जाऊन पाणी पिईल. कोंडलेल्या कोंबडीला दुसरे दार नाही. म्हणून वाटेतल्या जिवाला पाणी पाजणे ही दया, पण बांधलेल्या जिवाला पाणी पाजणे हे देणे आहे. ते फेडल्याचे पुण्य मागू नये.

हे देणे रोजच्या बारीक गोष्टींत असते. सांजेला कोंबड्या डालताना खुराड्याची फट पाहणे, कारण रानमांजर अंधाराचीच वाट पाहते. मानमोडीची लस वेळेवर टोचून घेणे, कारण ती साथ आली की सगळे खुराडे रिकामे होते. शेळ्यांना पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस देणे. बदकांना निदान चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतके खोल पाणी ठेवणे, कारण त्यांना नाक-डोळे धुवायला ते लागते. उथळ ताटलीत त्यांचे भागत नाही. आणि आपला उपास त्यांच्यावर न लादणे. जनावराला एकादशी नसते.

आषाढीची पायी वारी जवळजवळ तीन आठवड्यांची. निघताना आपण टाळ, पताका, पडशी सगळे आठवणीने घेतो. मागे राहिलेल्या शेळीचा पाला कोण आणणार, हे त्या यादीत पहिले असावे. ते शेजारणीवर सोपवले असेल, तर आपल्या वारीतला वाटा तिचाही आहे. सावता महाराज अरणचा मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, असे परंपरा सांगते. घरच्या मुक्या जिवांसाठी ज्याची एखादी वारी चुकली, त्याने ही कथा आठवावी.

बदके पाळणारे लोक कधी कधी बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. तिची स्वतःची अंडी एकविसाव्या दिवशी फुटली असती. ही फुटत नाहीत. तरी ती उठत नाही. आणखी एक आठवडा बसते. दाणापाण्यापुरती खाली उतरते, पुन्हा जाऊन बसते, अंगाने वाळते. अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्ले निघतात ती तिच्या जातीची नसतात. थोडी मोठी झाली की ती पाण्यात शिरतात आणि ही काठावरून साद घालत राहते. पिल्ले आपल्यासारखी निघाली नाहीत, आपल्या उपयोगाची नाहीत, म्हणून तिने पंख आवरून घेतलेला नाही. जे पंखाखाली आले, ते तिने पाळले. आपल्या पंखाखाली आलेल्या नराचे, म्हाताऱ्या कोंबडीचे, भाकड शेळीचे आपण काय करतो, हे तिच्या शेजारी उभे राहून स्वतःला विचारावे.

म्हणून मला वाटते ते असे. ज्याला झेपते त्या माळकऱ्याने कापायला विकू नये; जेवढ्यांना शेवटपर्यंत सांभाळता येईल तेवढेच जीव पाळावेत. ज्याचे पोटच त्यावर आहे, त्याने गरजेपलीकडे खुराडे वाढवू नये. बाजारात नेताना तंगड्या बांधून, डोके खाली लोंबकळत सायकलला कोंबड्या अडकवू नयेत. विनाकारण यातना होतील अशी जनावरांची ने-आण 1960च्या कायद्यानेही गुन्हा ठरवली आहे, आणि माळेला तर ती कधीच मान्य नव्हती. आणि विकल्यावर ‘माझा काय दोष’ असे म्हणू नये. जी हळहळ वाटते ती वाटू द्यावी. ती मेली तर पुढचा बोकड विकताना काहीच वाटणार नाही.

आणि इतरांनी? त्यांनी अशा माणसाला दिंडीत मागे ढकलू नये. आपल्या भक्तचरित्रांत सजन कसायाची कथा आहे. संतांनी त्याला आपल्या मालिकेतून वगळले नाही. म्हणून त्याची सुरी पवित्र ठरली, असेही कोणी सांगत नाही. माणसाला जवळ घ्यायचे आणि हिंसेला हिंसाच म्हणायचे, हे दोन्ही एकत्र धरणे अवघड आहे. पण संप्रदायाने ते धरलेले आहे.

उद्या पहाटे काकड्याला उठाल तेव्हा आधी परसात जाऊन या. पाण्याचे भांडे रिकामे असेल तर भरा, आणि मग देवापुढे उभे राहा. विठोबाला तेवढा उशीर चालतो.

रामकृष्ण हरी.