किल्ल्यातली खोली

गेल्या ऑक्टोबरमध्ये आईला तिच्या भजनाच्या ग्रुपवर कुणीतरी एक रील पाठवली. पिवळ्या दगडाचा किल्ला, आत अरुंद गल्ल्या, दारात बसून भाजी निवडणाऱ्या बायका, दोरीवर वाळत घातलेले कपडे. फोन माझ्या तोंडासमोर धरून ती म्हणाली, "अगं, ह्या किल्ल्यात माणसं राहतात. आपल्याला राहता येईल का एक-दोन रात्री?"

आमचं किल्ल्यांशी नातं म्हणजे सकाळी चढायचं आणि अंधार पडायच्या आत उतरायचं. वर पिठलं-भाकरी, ताक, एक ग्रुप फोटो. बाबा एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे शेवटची गाडी चुकू नये ही आमच्या घरातली सर्वांत मोठी धास्ती. वस्तीचा किल्ला म्हटला की आम्हाला पन्हाळा तेवढा ठाऊक, पण तिथं आता गाव आधी दिसतं आणि किल्ला नंतर. रीलमधला किल्ला जैसलमेरचा होता. आईनं आजवर कुठल्याही सहलीत स्वतःहून काही मागितलेलं मला आठवत नाही. देवदर्शन असेल तर बाबा ठरवणार, समुद्र असेल तर मी. म्हणून मी लगेच म्हणाले, "येईल की. बघते."

बजेट तिघांचं मिळून पंचवीस हजार. वांद्रे टर्मिनसहून जैसलमेरला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे, ती धरायची. तिकिटं, जेवणं, रिक्षा, वाळवंटातली एक संध्याकाळ हे सगळं वजा केल्यावर खोलीसाठी रात्रीचे सोळाशे-अठराशे उरत होते. मी अ‍ॅपवर नकाशा उघडला आणि किल्ल्याच्या तटाच्या आत बोट टेकवलं. पटापट खुणा उगवल्या. घरातल्याच तीन-चार खोल्या भाड्यानं देणारी कुटुंबं, जुन्या हवेल्यांची हॉटेलं, गच्चीवरची रेस्टॉरंट. काही खोल्या तर पाचशेलाही होत्या. (जैसलमेरच्या पाचशेच्या खोलीची एक जुनी गंमत आहे. मालकाची खरी कमाई उंटाच्या सफारीवर असते. सफारी दुसरीकडून घेतली की दुसऱ्या दिवशी चहा गार येतो. पाचशे ही किंमत नसून गळाला लावलेलं आमिष असतं, हे रिव्ह्यू वाचता वाचता कळत जातं.)

तटाला लागून असलेली, झरोक्याची, अठराशेची एक खोली मी निवडली. पैसे तिथं गेल्यावर द्यायचे, चार दिवस आधीपर्यंत रद्द करायची मुभा. बुक करून टाकली. आणि मग, नेहमीच्या सवयीनं, बुक केल्यावर वाचायला बसले.

किल्ल्याच्या आत मुक्काम करू नका, असं गाइडबुकं कितीतरी वर्षं सांगत आलीत. कारण पाणी.

रावल जैसल यानं ११५६ मध्ये त्रिकूट टेकडीवर हा किल्ला वसवला. टेकडी आसपासच्या सपाटीपासून साधारण ७५ मीटर उंच, तटाला ९९ बुरूज, आणि आत आजही काही हजार माणसं राहतात. लांबून हे सगळं एकाच दगडातून कोरल्यासारखं दिसतं, पण टेकडी अखंड कातळाची नाही. मऊ वाळूच्या दगडाचे थर आणि त्यांच्या मधे चिकणमातीसारखे थर, अशी ती आहे. कोरडी असते तोवर नऊशे वर्षांचा भार पेलते. भिजली की ते मातीचे थर फुगतात, सरकतात, आणि त्यांच्यावर उभ्या असलेल्या भिंती हलतात. इथं वर्षभरात जेमतेम १५-२० सेंटिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे बांधणाऱ्यांनी टेकडी कायम भिजलेली असेल असा विचार करायचं कारणच नव्हतं. किल्ल्यात विहिरी आहेत, बाकीचं पाणी बायका गडीसर तलावावरून डोक्यावर आणायच्या. डोक्यावरून चढवलेलं पाणी कुणी उगाच सांडत नाही.

मग नळ आला. त्यामागून पर्यटक आले, आणि घरातल्या एकेका खोलीला जोडून संडास-बाथरूम निघाली. शॉवर, फ्लश, गीझर. पाणी वर चढायची सोय झाली तितकी ते खाली उतरायची झाली नाही. गटारांची कामं झाली, तरी फुटके पाइप आणि गळकी गटारं यांतून पाणी टेकडीच्या पोटात मुरत राहिलं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत हा किल्ला १९९६, १९९८ आणि २००० अशा तीन वेळा आला. २०१३ मध्ये राजस्थानातल्या आणखी पाच किल्ल्यांबरोबर तो युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये जोराच्या पावसात तटाचा एक भाग ढासळला.

हे वाचून मी फोन पालथा ठेवला आणि स्वतःला म्हटलं, आपल्या तिघांच्या दोन रात्रींनी काय होणार आहे?

खरंच काही होणार नव्हतं. तीन माणसं, दोन दिवस, आंघोळी आणि फ्लश धरून हजारभर लिटर. त्यातलं मुरणार किती? त्या पाण्यानं एकही दगड हलला असं कुणीही सिद्ध करू शकणार नाही. अडचण एवढीच की माझ्या आधी त्या खोलीत राहून गेलेला प्रत्येक पाहुणा अगदी हेच आणि तितकंच खरं बोलू शकतो. मग तो तट पाडला कुणी?

डेरेक पार्फिट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञानं १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात यावर एक भयंकर कल्पना मांडली आहे. हजार छळ करणारे आणि हजार कैदी. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या एका कैद्याच्या यंत्राचं बटण हजार वेळा फिरवायचा. एकेका फिरवण्यानं वाढणारी वेदना जाणवू नये इतकी बारीक, पण हजार वेळा झालं की माणूस तळमळायचा. मग त्यांनी पद्धत बदलली. आता प्रत्येक जण हजारही कैद्यांचं बटण फक्त एकेकदा फिरवतो. संध्याकाळी कैद्यांची अवस्था तीच, पण आता प्रत्येक छळणारा छातीवर हात ठेवून म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणाचीही वेदना जाणवेल इतकी वाढलेली नाही. पार्फिटचं म्हणणं असं की एकट्या माझ्या कृतीनं काय झालं हे विचारून भागत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून काय केलं आणि त्यात मी होते का, हेही विचारावं लागतं.

मला हे पटायला पुस्तकाची फारशी गरज नव्हती. धायरीच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या छताला तीन वर्षं ओल होती. वरच्या काकूंकडे जाऊन सांगितलं की त्या आपलं चकचकीत बाथरूम दाखवायच्या. "बघ बाई, आमच्याकडे तर थेंब नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. गळती ज्याच्या घरातून होते त्याला दिसत नाही, ती खालच्याच्या छताला दिसते. झरोक्याच्या खोलीत राहणाऱ्या मला गरम पाणी, स्वच्छ टॉवेल आणि सूर्योदय दिसला असता.

तरी मन मानेना, म्हणून मी त्या खोलीच्या मालकालाच फोन केला. तिसरी-चौथी पिढी त्याच घरात राहतेय, त्यानं सांगितलं. मी पाण्याचा विषय काढल्यावर तो जरा थांबला. मग म्हणाला, "मॅडम, नहाते तो हम भी हैं. पहले बोलेंगे होटल हटाओ, फिर बोलेंगे घर हटाओ. किला बच जाएगा, पर रहेगा कौन?"

मला उत्तर सुचलं नाही. चार खोल्यांवर त्याचं घर चालतं. मी पुण्यात बसून त्याच्या किल्ल्याची काळजी करणार आणि ती काळजी नेमकी त्याच्या ताटातून वजा होणार, यात काहीतरी ओशाळवाणं होतं. रिकाम्या, राखलेल्या, तिकीट लावलेल्या किल्ल्यापेक्षा दोरीवर कपडे वाळत असलेला किल्ला मलाही हवा आहे. आईनंही त्या रीलमध्ये बायका पाहिल्या होत्या, बुरूज नव्हे.

दोन दिवस हे डोक्यात घोळलं. हळूहळू मला वाटायला लागलं की त्याची बादली आणि माझी बादली मी उगाच एका तराजूत टाकतेय. त्याला आंघोळीला दुसरं घर नाही. मला आहे. टेकडीच्या खाली, पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, जुन्या शहरात शेकडो खोल्या आहेत, आणि तिथं मी तीच बादली ओतली तर ती किल्ल्याच्या पायाशी जात नाही. एरवी आपल्याला सांगतात की कमी वापरा, नळ बंद करा. इथं प्रश्न किती पाणी याच्याइतकाच कुठं पाणी हाही आहे. ज्याला बाजूला होणं सगळ्यात स्वस्त पडतं त्यानं आधी बाजूला व्हावं, हे मला न्यायाचं वाटलं. मालकाचं नुकसान त्यानं भरून निघत नाही, हेही खरं. वर जाऊन जेवलो, खरेदी केली, तर थोडं पोचेल. पण ताटं धुवायलाही पाणी लागतंच. पूर्ण स्वच्छ उत्तर मला सापडलं नाही. कमी वाईट सापडलं.

खालची एक खोली शोधली. चौदाशे, गच्ची आहे, बाबांच्या गुडघ्यांनाही सोपी. तीही बुक केली. आणि आईला सांगितलं, "किल्ल्यातल्या सगळ्या खोल्या भरल्यात गं. डिसेंबर ना."

"असू दे," ती म्हणाली. पुढं काहीच नाही. उठून कुकर लावला.

ते "असू दे" मला झोपू देईना. आईचं माहेर आटपाडीकडचं. लहानपणी उन्हाळ्यात दोन कळशा पाण्यासाठी ती मैलभर चालली आहे, एका तांब्यात तोंड-हातपाय कसे धुवायचे हे तिनं मला शिकवलं आहे. उभ्या आयुष्यात तिनं वाया घालवलेलं पाणी मी एका पावसाळी ट्रेकनंतरच्या आंघोळीत घालवलं असेल. आणि तत्त्व सुचलं मला, किंमत मोजली तिनं. वर तिला ते कळूही दिलं नाही. त्याग करायचाच तर निदान तो तिचा तिला करू द्यायला हवा होता. मी तिची इच्छा परस्पर खर्च केली होती, आणि खोटं बोलून पावतीसुद्धा दिली नव्हती. भरीला दोन्ही खोल्या अडवून बसले होते, म्हणजे एका मालकाला तर मी नाही म्हणणारच होते.

सकाळी चहाच्या वेळी सगळं सांगितलं. टेकडी, माती, नळ, मालकाचा फोन. पार्फिट वगळला.

तिनं आधी विचारलं, "मग तिथल्या बायका काय करतात? त्यांच्या घराखालची जमीन खचतेय ना?" मी म्हणाले, राहतात, दुसरं काय करणार. मग तिनं कप खाली ठेवला. "खोल्या भरल्यात असं कशाला सांगितलंस? मला काय कळलं नसतं?"

"तुला फार वाटत होतं म्हणून."

"वाटत होतंच. अजून वाटतंय." थोडा वेळ गेला. "एकच रात्र राहू. मी आंघोळ नाही करणार."

"आई, फ्लशला जास्त पाणी लागतं."

"मग तुझे बाबा खाली जाऊन येतील," ती म्हणाली. पेपराआडून बाबा म्हणाले, "मला ह्यात घेऊ नका." आम्ही हसलो, पण तिचं "एकच रात्र" हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मी ठरवलं, ती म्हणेल ते. एक रात्र म्हणाली तर एक रात्र. आणि तसं झालं असतं तर मी तिला चूक म्हणाले असते का, हे मला आजही सांगता येत नाही.

किल्ल्याचे दरवाजे रात्री बंद होतात का, तिनं विचारलं. आत गाव आहे, त्यामुळे येणं-जाणं चालूच असतं, प्रवेशाला तिकीटही नाही, फक्त राजवाड्याच्या संग्रहालयाला आहे. म्हणजे पहाटे खालून चढून वर सूर्य उगवताना जाता येईल? येईल. तिनं माझ्या हातातून फोन घेतला आणि खालच्या खोलीच्या गच्चीचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. फोटोत वर सगळा किल्ला पसरलेला होता.

"आत राहिलं तर हा असा दिसला असता का?"

"नाही."

"मग वरची काढून टाक," ती म्हणाली, आणि मला नीट कळलं नाही की तिची समजूत पटली होती की तिनं माझी घातली होती.

अ‍ॅपवर एका बटणात रद्द करता आलं असतं. मी फोन केला. या वेळी भरलंय, बेत बदलला, आई आजारी आहे, असं काही सांगितलं नाही. पाण्यामुळे खाली राहतोय, म्हणाले. तो वैतागेल असं वाटलं होतं. तो दमल्यासारखा हसला. "आजकल बहुत लोग यही बोलते हैं." मग विचारलं, कितने लोग हैं, कब आ रहे हैं. मी तारीख सांगितली, पहाटे वर येणार आहोत म्हणाले.

"तो चाय यहीं पीना," तो म्हणाला. "पानी कम डालेंगे."