अभिनयातील शस्त्र आणि प्रमादाची हिंसा

चित्रपटाच्या सेटवर ज्याने कोणालाही मारण्याचा विचार मनात आणलेला नाही, ज्याच्या हाती शस्त्र केवळ अभिनयासाठी दिलेले आहे आणि ते निर्धोक असल्याचे ज्याला सांगण्यात आले आहे, अशा माणसाच्या हातून गोळी सुटून कोणी मेले, तर त्या घटनेला हिंसा म्हणावे की दुर्दैव, हा प्रश्न न्यायालयात संपत नाही. शिक्षेला पात्र कोण हे न्यायालय ठरवते. धर्मविचाराला मात्र त्याआधीचा प्रश्न सोडवावा लागतो, तो असा की हेतूवाचून घडलेल्या मृत्यूचे कर्तृत्व नेमके कोठे असते. नागपूरच्या इतवारीत या प्रश्नाला जुना आधार आहे. या व्यापारी पेठेतील परवारपुऱ्यात दिगंबर जैन मंदिरे आहेत, आणि भाद्रपदातील दशलक्षण पर्वात रोज एक अध्याय याप्रमाणे दहा दिवसांत उमास्वामींचे तत्त्वार्थसूत्र वाचण्याची प्रथा दिगंबर समाजात आहे. त्या ग्रंथाच्या सहाव्या व सातव्या अध्यायांत हिंसा, तिची साधने आणि तिचे भागीदार यांची जी मांडणी येते, ती आजच्या सेटवरील अपघात समजून घेण्यास आश्चर्य वाटावे इतकी उपयोगी आहे.

शस्त्र खरे भासावे ही चित्रपटाची ओढ जन्मापासूनची आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या ‘सैरंध्री’ या १९२० सालच्या मूकपटातील कीचकवध इतका हुबेहूब वाटला की ते दृश्य सेन्सॉरने कापायला लावले. बंदुकीच्या बाबतीत हीच ओढ धोक्याची ठरते. चित्रीकरणात दोन प्रकारची काडतुसे वापरली जातात: एकात दारू असते पण गोळी नसते, म्हणून बार उडतो, धूर व ज्वाळा दिसतात, दुसऱ्यात गोळी असते पण दारू नसते, म्हणून जवळून चित्र घेतले तरी ते जिवंत काडतुसासारखे दिसते. पहिला प्रकारही निरुपद्रवी नसतो, कारण नळीतून वेगाने बाहेर पडणारा वायू अगदी जवळून जीव घेऊ शकतो. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकी अभिनेत्याने असे काडतूस भरलेले पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि त्यातच त्याचा अंत झाला. ३१ मार्च १९९३ रोजी ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली मरण पावला, तेव्हा दोन्ही प्रकारांचा घातक संयोग झाला होता: आधीच्या एका दृश्यातील नकली काडतुसाची गोळी नळीत अडकून राहिली होती आणि नंतर भरलेल्या दारूच्या काडतुसाने तिला बाहेर ढकलले. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर तर जिवंत काडतूसच पिस्तुलात गेले; छायाचित्रकार हेलीना हचिन्स मृत्युमुखी पडल्या आणि दिग्दर्शक जोएल सूझा जखमी झाले. शस्त्र निर्धोक आहे असे सांगणाऱ्या सहायक दिग्दर्शकाने निष्काळजीपणाचा ठपका स्वीकारला, शस्त्रे सांभाळणाऱ्या तरुणीला २०२४ मध्ये दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि ज्याच्या हाती पिस्तूल होते त्या अ‍ॅलेक बाल्डविनवरील खटला, सरकारी पक्षाने पुरावा दडवल्याच्या कारणावरून, जुलै २०२४ मध्ये रद्द झाला.

तत्त्वार्थसूत्रानुसार हिंसा म्हणजे प्रमत्त अवस्थेतील मन, वाणी किंवा शरीर यांच्या व्यापाराने प्राणांचा वियोग घडवणे होय. प्रमाद म्हणजे कषायांच्या, म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ यांच्या, प्रभावाखाली जागरूकता सुटणे. या व्याख्येत मारण्याच्या इच्छेची अट नाही, आणि नुसत्या मृत्यूनेही ती पूर्ण होत नाही. दहाव्या शतकाच्या सुमारास अमृतचंद्रांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात याचा निष्कर्ष निःसंदिग्धपणे मांडला: संयमाने वागणाऱ्याकडून जीव दगावला तरी त्याला हिंसेचा दोष लागत नाही, आणि प्रमादाने वागणाऱ्याला कोणी दगावले नाही तरी तो लागतो. सेटवर हे तत्त्व लावले, तर बंदूक न तपासता पुढे केली गेली आणि सुदैवाने काहीच झाले नाही, असा प्रत्येक दिवस हिंसेच्याच खात्यात जमा होतो. अपघाताच्या दिवशी दोष जन्माला येत नाही. तो आधीपासून तेथे असतो आणि त्या दिवशी केवळ दिसू लागतो.

येथे एक शंका उपस्थित होते. मारण्याच्या केवळ संकल्पानेही दोष लागत असेल, तर मारण्याचा अभिनय दोषमुक्त कसा, असे विचारता येईल, कारण जैन परंपरेतील यशोधराच्या कथेत खोट्या वधाचेही फळ भोगावे लागते. राजा यशोधर आईच्या आग्रहावरून जिवंत प्राण्याऐवजी पिठाचा कोंबडा देवीला बळी देतो, आणि त्यामुळे मायलेकांना पशुयोनीत अनेक जन्म काढावे लागतात. सोमदेवांनी ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ या संस्कृत ग्रंथात आणि त्याच शतकात पुष्पदंतांनी ‘जसहरचरिउ’ या अपभ्रंश काव्यात ही कथा रचली. हे काव्य परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित करून १९३१ मध्ये विदर्भातील कारंजाच्या ग्रंथमालेतून प्रसिद्ध केले. परंतु यशोधराचे कृत्य आणि नटाचे कृत्य यांत मूलभूत अंतर आहे. यशोधराला तो बळी वध म्हणूनच देवीपर्यंत पोचायला हवा होता, म्हणजे त्याचा संकल्प वधाचाच होता आणि फक्त वस्तू पिठाची होती. नटाचा संकल्प समोरच्याने सुखरूप राहावे असाच असतो, आणि त्याच्या सुखरूपतेवरच पुढचा सगळा खेळ उभा असतो. म्हणून अभिनय हा संकल्पी हिंसेतून सुटतो. प्रमादाच्या हिंसेतून मात्र तो सुटत नाही, कारण संकल्प शुद्ध आहे या खात्रीनेच माणूस शस्त्राकडे पाहणे सोडतो.

दुसरा आक्षेप बौद्ध विचारातून येतो, आणि ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, तेथे त्याची दखल घेणे अगत्याचे आहे. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात निर्ग्रंथ नाथपुत्तांचा, म्हणजे महावीरांचा, अनुयायी गृहस्थ उपालि शरीराने घडलेले कर्म सर्वांत भारी असल्याचा पक्ष मांडतो, तर बुद्ध मनाने केलेले कर्म प्रधान असल्याचे दाखवतात. उलट सूत्रकृतांग या श्वेतांबर आगमात, माणसाला चुकून दुसरी वस्तू समजून मारणारा निर्दोष कसा राहील, असा प्रश्न बौद्धांना केला आहे. वाद खरा आहे, पण सेटच्या प्रश्नापुरते दोन्ही परंपरांचे अंतर वरकरणी वाटते तेवढे मोठे नाही. बौद्ध विचारात चेतना, म्हणजे कर्मामागील मनाची प्रेरणा, निर्णायक असली, तरी अप्रमाद हा कुशल धर्मांचा आधार मानला गेला आहे आणि परिनिर्वाणाच्या वेळी बुद्धांनी शिष्यांना त्याचाच अखेरचा उपदेश केला. हेतूला महत्त्व देणारी परंपरासुद्धा बेसावध मनाला निर्दोष म्हणत नाही.

यानंतर कर्तृत्व कोणाचे हा प्रश्न उरतो, आणि त्यावरील जैन विचार विशेष सूक्ष्म आहे. तत्त्वार्थसूत्र हिंसेचे आधार मोजताना संरंभ म्हणजे करण्याचे ठरवणे, समारंभ म्हणजे साधने जुळवणे आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरुवात या तीन पायऱ्या; मन, वाणी व शरीर ही तीन द्वारे; स्वतः करणे, करवून घेणे व संमती देणे या तीन रीती; आणि चार कषाय यांचा गुणाकार करून १०८ प्रकार सांगते. या गणनेतून ‘चाप ओढणारा तो कर्ता’ हे सोपे उत्तर गळून पडते. वेळ वाचवण्यासाठी तपासणी वगळा म्हणणारा करवून घेतो, ते पाहून गप्प बसणारा संमती देतो, आणि खर्च कमी करण्यासाठी जाणकार माणूस न नेमणारा निर्माता लोभाच्या आधाराने समारंभाच्या पायरीवरच गुंततो. दोष वाटला गेला म्हणून कोणाचा वाटा हलका होत नाही. ज्याचा त्याचा भाग ज्याच्या त्याच्याकडे पूर्णच राहतो.

निर्जीव साधनांबाबतही हीच दक्षता आहे. पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या तत्त्वार्थसूत्रावरील टीकेत निक्षेपाचे, म्हणजे वस्तू ठेवण्याचे, चार सदोष प्रकार सांगितले आहेत: न पाहता ठेवणे, नीट न पुसता ठेवणे, घाईने ठेवणे आणि लक्ष नसताना ठेवणे. ‘द क्रो’च्या नळीत राहिलेली गोळी पहिल्या दोन प्रकारांत मोडते, आणि १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या हातून घरी ठेवताना परवान्याचे रिव्हॉल्व्हर निसटले व गोळी त्यांच्याच पायाला लागली असे सांगण्यात आले, त्यावरून ठेवण्याची क्रिया किती जोखमीची असते हे कळते. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचार’ या ग्रंथात तलवार, कुऱ्हाड, अग्नी यांसारखी साधने दुसऱ्याच्या हाती देणे हा अनर्थदंड, म्हणजे निष्कारण ओढवून घेतलेले पाप, मानला आहे. नकली काडतुसांत जिवंत काडतूस मिसळू देणारा नेमके हेच करतो.

हा विचार व्यवहाराला अशक्य आहे असे मात्र नाही. जैन आचार गृहस्थाच्या उद्योगात घडणारी हिंसा वेगळी ओळखतो आणि तिला दक्षतेची मर्यादा घालतो. चार हात पुढची भूमी पाहून चालणाऱ्या साधूच्या पायाखाली अकस्मात जीव आला, तर त्याला बंध, म्हणजे कर्माचे बंधन, नाही असेही तो मानतो. म्हणून शस्त्र दाखवणारे चित्रपट थांबवा असा निष्कर्ष येथून निघत नाही. निघतो तो असा की जिवंत काडतूस सेटच्या आवारात येऊ नये; प्रत्येक शस्त्र, ज्याच्या हाती जाणार आणि ज्याच्यावर रोखले जाणार त्या दोघांच्या देखत उघडून तपासावे; आणि सर्वांत कनिष्ठ कामगारालाही दृश्य थांबवण्याचा अधिकार असावा. ज्या नागपुरात देशाच्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आहे, तेथे नियमांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तरीही नियमाला आतून धरून ठेवणारी वृत्ती नसेल, तर तपासणी ही सहीपुरती उरते. दिवसाच्या अखेरीस आपल्या दोषांची आठवण करून त्यांपासून मागे फिरण्याच्या साधनेला जैन परंपरा प्रतिक्रमण म्हणते. सेटवर काम करणाऱ्यांनी ती साधना आपलीशी केली, तर कोणीही जखमी न झालेल्या दिवशीसुद्धा आज कोठे न पाहता वस्तू दिली-घेतली गेली याचा हिशेब ते मांडतील. आणि दुसऱ्याचा जीव आपल्या लक्षावर अवलंबून आहे हे ज्याने मानले, त्याला याहून कमी काही पुरेसे वाटू नये.