सतरा वर्षांचा खंड

आमच्याकडं सैन्यातून रिटायर होऊन आलेल्या माणसाला सगळं गाव 'मेजर' म्हणतं. तो शिपाई म्हणून आलेला असो की सुभेदार म्हणून, गावात तो मेजरच. माझा धाकटा भाऊ 2013 साली लान्स नायक म्हणून घरी आला तेव्हा त्याचंही तसंच झालं. फाट्यापासून घरापर्यंत उघड्या जीपमधून मिरवणूक निघाली. फेटा, गुलाल, बायाबापड्यांचं ओवाळणं, सगळं झालं. सरपंचांनी भाषणात सांगितलं, की मेजरचं ऋण हे गाव कधी फेडू शकणार नाही. मी सगळ्यात पुढं बसून टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी त्या ऋणातला पहिला हप्ता मागायला तो माझ्याकडं आला, आणि मी त्याला रिकाम्या हातानं परत लावलं. ती गोष्ट मला इथं सांगायची आहे.

तो माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आमचे वडील लवकर गेले. 1978 साली मी दहावी पास झालो आणि तिथंच थांबलो, कारण औत धरायला दुसरं कोणी नव्हतं. ह्याला मी कडेवर खेळवला, पुढं बारावीपर्यंत शिकवला. 1996 साली बारावी झाली आणि त्याच वर्षी तो भरतीत निवडला गेला. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. परत आला तेव्हा छत्तीस.

मे महिना होता. मी लावणीसाठी आल्याचं बेणं निवडत बसलो होतो. तो शेजारी येऊन बसला, बेण्याला हात लावला आणि म्हणाला, "दादा, मला कॉलेजात जायचंय. रोज जाऊन, वर्गात बसून बी.ए. करायचंय."

मी मान वर न करता म्हणलं, "या वयात? पोरासोरांत बसून आता काय कलेक्टर व्हायचंय का तुला? वाळूजला कंपन्यांत सिक्युरिटीची जागा मिळती फौजी माणसाला. पेन्शन अन् पगार, दोन्ही चालू राहील. लोक हसतील असं कशाला करतो?"

तो काही बोलला नाही. उलट बोलायची सवय पलटणीनं मोडली होती. पण उठून जाताना त्यानं हातातलं बेणं जागेवर नीट ठेवलं, ते मला अजून दिसतं.

आज मी स्वतःला विचारतो, की मी तसं का बोललो? पैशाची काळजी हे वरवरचं कारण. खरं कारण हे, की मला जे मिळालं नाही ते त्याला दुसऱ्यांदा मागायला येतंय याचा मला हेवा वाटला. त्याच्या सत्कारात माझा काही तोटा नव्हता. त्याच्या शिकण्यात मात्र माझं राहून गेलेलं शिक्षण मला रोज दिसलं असतं. माणूस टाळ्या वाजवायला पटकन तयार होतो, सरकून जागा द्यायला नाही.

तरी तो गेलाच. शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, आताच्या छत्रपती संभाजीनगरात, एक खोली भाड्यानं घेतली. प्रवेशाच्या दिवशी मला बाजार समितीत काम होतं, म्हणून मीही कॉलेजपर्यंत गेलो आणि खिडकीजवळच्या बाकावर बसलो. खिडकीतल्या बाबूनं कागद चाळले आणि विचारलं, "बारावी 1996 ची. मग इतकी वर्षं काय केलं?"

"सैन्यात होतो सर."

"ते बरोबर आहे, पण गॅप सर्टिफिकेट लागेल."

बाबू उद्धट नव्हता. नियम सांगत होता. आम्ही कोर्टापाशी गेलो आणि नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून आणलं. त्यात लिहिलं होतं, की 1996 ते 2013 या काळात माझ्या शिक्षणात खंड पडला असून या काळात मी कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतलेला नाही. भावानं खाली सही केली. ते वाचताना मला 1999 सालचा उन्हाळा आठवला. कारगिलची लढाई चालू होती आणि त्याचं पत्र दोन महिने आलं नव्हतं. आई रोज पोस्टमनच्या वेळेला दारात येऊन उभी राहायची, तो पुढं गेला की आत जाऊन चूल पेटवायची. ते दोन महिनेही त्या कागदाच्या हिशेबात खंडच होते.

याच्या अगदी उलटा दुसरा एक कागद त्याच्याकडं होता, हे मला नंतर कळलं. केंद्र सरकारचा असा नियम आहे, की दहावी पास असलेल्या आणि सैन्यात निदान 15 वर्षं नोकरी केलेल्या माजी सैनिकाला गट 'क' च्या नोकरीसाठी पदवीधराच्या बरोबरीचा धरता येतं. हे कळल्यावर मला जोर चढला. म्हणलं, "तुला सरकारच पदवीधर म्हणतं, मग काहून एवढा खर्च अन् डोकेफोड?"

तो म्हणाला, "दादा, नोकरीपुरतं धरतात. चांगलंच आहे ते. पण पदवीधर धरणं वेगळं, अन् वाचून होणं वेगळं. मला वाचायचं राहिलंय."

म्हणजे एका कागदावर त्याची सतरा वर्षं कोरी, आणि दुसऱ्या कागदावर तीच वर्षं पदवीएवढी. यातलं खरं काय? मी बरेच दिवस हा विचार केला. आम्हा शेतकऱ्यांना पड रान माहीत असतं. रान एक वर्ष पड ठेवलं म्हणून ते मेलं असं कोणी म्हणत नाही, आणि पीक आलं असंही कोणी म्हणत नाही. त्याला त्या वर्षाचं काहीतरी मिळालेलं असतं, ते पुढच्या पेऱ्यात दिसतं. पण पेरावं तर लागतंच. भावाच्या वर्षांचंही मला तसंच वाटतं. ती कोरी म्हणणं हा अपमान. आणि 'तुझं शिकणं झालंच आहे, आता वर्गात यायची गरज नाही' असं समजून बसणं, हा मान दिसतो खरा, पण त्यातही माणसाला दाराबाहेरच ठेवल्यासारखं होतं.

वर्गातलं पहिलं वर्ष त्याला जड गेलं. पहिल्या दिवशी तो आत शिरला तर सगळी पोरं 'गुड मॉर्निंग सर' म्हणून उभी राहिली. तो शेवटच्या बाकावर भिंतीला पाठ लावून बसायचा, कारण दार डोळ्यांसमोर नसलं की त्याला चैन पडत नसे. सतरा वर्षं हिंदीत बोललेला माणूस, मराठी लिहायला घेतलं की मधेच हिंदी यायची. सैन्यात रिपोर्ट चार ओळींत द्यायचा असतो. पेपरातही त्यानं दहा मार्कांच्या प्रश्नाला चार ओळी लिहिल्या. त्या बरोबर होत्या, पण मार्क दोन मिळाले. इंग्रजीचा विषय राहिला, एटीकेटी लागली. निकालानंतर गावी आला तेव्हा मी तोंडानं 'सांगितलं होतं तुला' असं म्हणालो नाही. पण माझा चेहरा म्हणाला असणार. तो दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेला.

त्याला टिकवलं ते माझ्यासारख्या सख्ख्यानं नाही. त्याच्या वर्गातली काही पोरं पोलीस भरतीची आणि आर्मी भरतीची तयारी करत होती. ती पहाटे आमखास मैदानावर पळायची. भाऊही तिथं जायचा. पोरं पहिल्या फेरीतच सगळा दम घालवायची आणि 1600 मीटर पुरे होता होता बसायची. ह्यानं त्यांना दम राखून कसं पळायचं ते शिकवलं. बदल्यात पोरांनी त्याला नोट्स दिल्या, इंग्रजीचा पेपर कसा सोडवायचा ते दाखवलं. इतिहासाच्या एका सरांनी त्याला वर्गानंतर बसवून घेतलं आणि सांगितलं, "तुमचं उत्तर हुकुमासारखं आहे. हुकूम मानायचा असतो, उत्तर पटवून द्यायचं असतं. का आणि कसं, ते लिहा." भाऊ म्हणतो, की तीन वर्षांत त्याला मिळालेलं सगळ्यात मोठं शिक्षण हेच. सतरा वर्षं 'का' विचारायचं नाही असं शिकलेल्या माणसाला कोणीतरी 'का' विचारायला सांगितलं.

त्या सरांनीच दिलेल्या पुस्तकात त्यानं अमेरिकेचं वाचलं आणि सुट्टीत मला सांगितलं. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, 1944 साली, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी परत येणाऱ्या सैनिकांसाठीच्या कायद्यावर सही केली. कॉलेजची फी सरकारनं भरायची, पुस्तकांचे पैसे द्यायचे आणि शिकत असताना घर चालवायला भत्ता द्यायचा. सुमारे 22 लाख सैनिक त्या आधारावर कॉलेजात गेले. मोठमोठ्या विद्यापीठांच्या प्रमुखांना भीती वाटली होती, की ही माणसं आली तर शिक्षणाचा दर्जा घसरेल. झालं उलटंच. ही थोराड पोरं नेटानं शिकली. त्या कायद्याची एक काळी बाजूही भावानं सांगितली. काळ्या सैनिकांना, विशेषतः दक्षिणेकडच्या राज्यांत, त्याचा लाभ गोऱ्यांइतका मिळू दिला नाही. युद्धात सगळे लागले, बाकावर मात्र निवड झाली.

मी म्हणलं, "ते श्रीमंत देशाचं झालं."

तो म्हणाला, "मग आपल्याकडचं ऐका. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ पलटणीत सुभेदार होते, अन् पलटणीच्या शाळेत मास्तर. ज्यांना गावच्या शाळेत कोणी बसू देत नव्हतं, त्यांच्या घरात पलटणीतून अक्षर आलं. त्या घरातला मुलगा किती शिकला ते जगाला माहीत आहे. अन् त्यानंच 1950 साली आपल्या औरंगाबादेत कॉलेज काढलं. आज त्याला मिलिंद महाविद्यालय म्हणतात."

मी नागसेनवनावरून शेकडो वेळा गेलो असेन. पण त्या इमारतीच्या मुळाशी एका सैनिकाच्या घरातलं शिक्षण आहे, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

याच शहरात 1977 पासून सरकारची एक संस्था आहे, ती दहावीनंतरची मुलं निवडून त्यांची एनडीएसाठी तयारी करून घेते. जाणाऱ्यासाठी ती चांगली सोय आहे. परत येणाऱ्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, कागदाला वाट तिथं मिळते. पण वर्गात शेजारी कोण बसणार, चार ओळींच्या उत्तराची चाळीस ओळी कोण करून घेणार, घरातला मोठा भाऊ काय म्हणणार, हे कुठल्या कार्यालयाच्या हातात नाही. ते तुमच्या-माझ्या हातात आहे.

हा प्रश्न आता एकट्या माझ्या भावाचा राहिला नाही. 2022 साली अग्निवीरांची योजना आली. चार वर्षं नोकरी, नंतर शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस सैन्यात कायम, बाकीचे घरी. जाताना साधारण पावणेबारा लाखांची रक्कम हातात, पेन्शन नाही. पहिली तुकडी 2023 च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागली. इग्नूनं त्यांच्यासाठी अशी पदवी आखली, की निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरायचे आणि निम्मे शिकून मिळवायचे. मला ही वाटणी पटते. वर्षं कोरी नाहीत हेही त्यात मान्य आहे, आणि पेरायचं बाकी आहे हेही. ही पोरं बावीस-पंचविशीत परत येतील. आमच्या गावातून दोघं गेलेत. त्यांचीही मिरवणूक निघेल. पैसे आले की कोणी जेसीबी घे म्हणेल, कोणी लग्न उरक म्हणेल. कॉलेजचं नाव काढलं तर 'आता कशाला' म्हणणारा एखादा माझ्यासारखा दादा प्रत्येक घरात असेलच.

भाऊ 2016 साली बी.ए. झाला. मोठी नोकरी लागली नाही. आज माझ्या बांधाला बांध लावून तो शेती करतो. लोक विचारतात, मग शिकून काय उपयोग झाला? पूर्वी मीही असंच विचारलं असतं. आता मला वाटतं, हा प्रश्न आपण त्याला सैन्यात जाताना विचारला नव्हता. तेव्हा त्यानं उपयोग न विचारता दिलं. मग त्यानं मागितलं तेव्हा आपण का हिशेब मांडावा? आणि उपयोग म्हणाल तर ग्रामसभेत आता 'का' विचारणारा एक माणूस आहे. सरपंचांना तो फारसा आवडत नाही.

मागच्या महिन्यात त्या दोघांतल्या एकाचा बाप माझ्या ओट्यावर आला होता. म्हणाला, "पोरगं म्हणतंय, आल्यावर कॉलेजात जाईन. तुम्ही समजावून सांगा त्याला."

मी आत जाऊन भावाच्या काळ्या ट्रंकेतलं ते प्रतिज्ञापत्र आणलं आणि त्याला वाचून दाखवलं. मग म्हणलं, "पोराचे पैसे बँकेत राहू द्या. अन् शहरात खोली बघायची तर मला सांगा. मी येतो संगं."